गाण्यांचे कपाट

आमच्या घरी संगणक नाही. हे वाक्य हल्ली जरा दबक्या आवाजातच बोलावे लागते. पूर्वी पाहुण्यांसाठी जादा गादी नाही, हे जसे बोलत असत तसे. टेबलावरचा मोठा नाही आणि मांडीवरचा छोटाही नाही. आहेत ते दोन मोबाइल फोन, एक माझा आणि एक पत्नीचा. शिवाय कॅसेट वाजविणारे एक जुने धूड आणि गाण्यांचा बऱ्यापैकी मोठा साठा. हा साठा नीट ठेवायचा तर संगणक हवाच, असे मला आजवर डझनभर जाणत्यांनी सांगितले. गेली पाच वर्षे मी तो फोनवरच सांभाळीत आलो आहे आणि जाणत्यांना अधूनमधून चहा पाजीत आलो आहे.

जाणत्यांचा दुसरा एक पंथ आहे. तो विचारतो, "काका, पण मुळात सांभाळायचं कशाला? महिन्याला थोडे पैसे टाका, जगातलं सगळं संगीत बोटाखाली." शेजारचे चिरंजीव या पंथाचे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मीही वर्गणी भरतो आणि सकाळी दाढी करताना त्या बोटाखालच्या जगातले काहीबाही ऐकतो. परंतु ते वाचनालय झाले. वाचनालयाचे सभासद असणाऱ्याने घरात पुस्तकाचे कपाट ठेवू नये, असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. आणि वाचनालये बंद पडतात. गूगलचे 'प्ले म्यूझिक' २०२० मध्ये बंद झाले. तिथे आपापली पन्नास हजारांपर्यंत गाणी नेऊन ठेवण्याची सोय होती आणि पुष्कळांनी ती ठेवलीही होती. गाणी काढून घ्यायला २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली. ज्यांनी काढली नाहीत, त्यांची पुसली गेली. आपल्याकडचे 'विंक' बंद करण्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. वाचनालय बंद पडले तर हळहळावे आणि दुसरे गाठावे. घरचे कपाट मात्र घरीच असलेले बरे.

शिवाय काही गाणी कोणत्याच वाचनालयात नसतात. त्यांच्याकडे मी येणारच आहे.

आधी कपाट केवढे लागते ते पाहू. एमपी३ नावाच्या प्रकारात साधारण चांगल्या आवाजाचे गाणे मिनिटाला एक एमबी जागा खाते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत; म्हणजे तबकडीची एक बाजू झाली तीन एमबीची. ६४ जीबीचे मेमरी कार्ड करंगळीच्या नखाएवढे असते. त्यावर अशी वीस हजार गाणी बसतात. रोज दोन तास ऐकायला बसले, तरी पहिले गाणे पुन्हा यायला पाचशे दिवस लागतील. आमच्या वडिलांच्या वेळी पन्नास तबकड्यांची पेटी हलवायला दोन माणसे लागत.

तेव्हा जागेची अडचण नाही. माल आत कसा येतो, याचीही फारशी नाही. कॅसेट वाजवून थेट पेनड्राइव्हवर उतरवणारी छोटी यंत्रे मिळतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वदच मिनिटे लागतात, तिथे घाई चालत नाही, एवढेच. सीडी फोनला थेट वाचता येत नाही. पण काही जुन्या डीव्हीडी प्लेअरांना पेनड्राइव्हचे भोक असते आणि सीडीवरचे गाणे त्यावर उतरवण्याची सोयही असते. माळ्यावरचा प्लेअर भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याचे पुढचे तोंड एकदा पुसून पाहावे.

खरी अडचण नावांची.

आमच्या घरी बहुतेक नवा माल व्हॉट्सॲपवरून येतो. मेहुणे पाठवतात, साडू पाठवतात, पत्नीच्या भिशीच्या मैत्रिणी तर गुरुवार चुकवीत नाहीत. आता व्हॉट्सॲपवर गाणे सरळ पाठवले की फाइलचे मूळ नाव गळून पडते आणि 'एयूडी', पुढे तारीख, पुढे 'डब्ल्यूए' आणि चार आकडे असा कैद्यासारखा बिल्ला तिच्या गळ्यात पडतो. अशा शंभर बिल्लेवाल्यांतून माणिकबाई कोणत्या आणि मालतीबाई कोणत्या, हे एकेकाला वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही. तेच गाणे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर नाव शाबूत राहते. मी ही गोष्ट साडूंना तीनदा समजावून सांगितली आहे. ते दर वेळी "वा!" म्हणतात आणि पुन्हा बिल्ला घालून पाठवतात.

फाइलला खरे म्हणजे दोन नावे असतात. एक बाहेरचे, डब्याच्या झाकणावर चिकटवावे तसे. आणि दुसरे आतले, डब्यातच चिठ्ठी टाकावी तसे. फोन बहुधा आतली चिठ्ठी वाचतो. त्यामुळे झाकणावर 'साखर' आणि आत रवा, हा स्वयंपाकघरातला अनुभव इथेही येतो. बाहेर तुम्ही कितीही सुवाच्य नाव घाला, फोन आपला 'अज्ञात कलावंत' म्हणून मोकळा.

या आतल्या चिठ्ठीचा जन्म १९९६ चा. एरिक केम्प नावाच्या गृहस्थांनी एमपी३ फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक शेपटी जोडण्याची युक्ती काढली. तीत गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, गायकाला ३०, अल्बमला ३०, शेऱ्याला ३० आणि सालाला ४. गाण्याचा प्रकार सांगायला एक आकडा. त्यासाठी सुरुवातीला ऐंशी प्रकारांची ठरीव यादी होती. तीत युरोपातल्या पोल्का नाचाला जागा आहे; नाट्यगीताला नाही, लावणीला नाही, अभंगालाही नाही. नागरी लिपीची तर तीत सोयच नव्हती. १९९८ नंतर ही चिठ्ठी फाइलच्या सुरुवातीला आली, लांब झाली, तीत नागरी अक्षरे आणि चित्रसुद्धा मावू लागले.

मला कौतुक वाटते ते त्या शेवटच्या शेपटीचे. कारण नाव शेवटी सांगण्याची ही रीत १९९६ ची नव्हेच. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गसाहेबांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपता संपता बाई इंग्रजीत आपले नाव सांगून मोकळ्या होतात. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसांना कोण गाते आहे ते कळावे म्हणून, असे कारण सांगतात. पुढे कित्येक जणींनी तेच केले. लेबल निघून जाईल, पाकीट फाटेल. आवाजातच नाव घातले की ते गाण्याबरोबर टिकते. सव्वाशे वर्षांपूर्वी या बायकांनी ओळखलेली गोष्ट आमचे साडू अजून ओळखायला तयार नाहीत.

ही चिठ्ठी बदलायला संगणक लागत नाही. फोनवर टॅग बदलणारी ॲपे फुकट मिळतात. गाण्यावर बोट दाबून धरले की नाव, गायक, अल्बम, साल असे रकाने उघडतात. ते भरायचे. कष्ट आहेत ते हे भरायचे काय, हे ठरवण्याचे.

पहिला प्रश्न, गाणे कुणाचे? साहेबाच्या रकान्यात 'आर्टिस्ट' एकच. आमच्या घरी मात्र एकच गाणे मी गदिमांचे म्हणतो, पत्नी बाबूजींचे म्हणते आणि सून आशाबाईंचे म्हणते; आणि तिघांचेही बरोबर असते. शेवटी तह असा झाला की गायक 'आर्टिस्ट'मध्ये, संगीतकार 'कंपोझर'मध्ये, आणि कवीला शेऱ्यात बसवायचे. कवींना शेऱ्यात बसण्याची सवय असतेच. दुसरा तह, नावापुढे बिरुदे लावायची नाहीत. 'पं. भीमसेन जोशी' हे 'प'मध्ये जाऊन बसतात, 'भीमसेन जोशी' 'भ'मध्ये, आणि रोमन लिपीतले आणखी तिसरीकडे; एकाच माणसाची अशी तीन घरे झाली की एकाही घरी तो पुरा भेटत नाही. आदर मनात ठेवावा.

'कट्यार काळजात घुसली'ने मला आठवडाभर खेळवले. एक १९६७ चे नाटक, दारव्हेकरांचे, अभिषेकीबुवांच्या संगीताचे, वसंतरावांच्या गळ्यातले. दुसरा २०१५ चा चित्रपट. अल्बमचे नाव एकच, म्हणून फोनने दोन्हींची गाणी सरमिसळ करून एकाच पंगतीला वाढली; वसंतरावांच्या पाठोपाठ शंकर महादेवन आणि पुन्हा वसंतराव. दोघेही थोर, पण जेवणाचा क्रम म्हणून काही असतो. नावापुढे साल घातले आणि भांडण मिटले.

गीतरामायणाची गोष्ट याहून मजेची. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले आणि आठवड्याला एक असे वर्षभर चालले. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून गाणी बावन्नऐवजी छप्पन्न झाली. ही छप्पन्न गाणी फोनमध्ये टाकली की तो ती अकारविल्हे लावतो. मग काय होते? 'भ' हा 'स'च्या आधी, म्हणून समुद्रावर सेतू बांधून व्हायच्या आतच रावण मरतो. आणि रामापुढे गायला बसलेले कुश-लव, ज्यांच्यापासून कथेला सुरुवात, ते जवळजवळ शेवटी येतात. वाल्मीकींनी पाहिले असते तर फोन तमसेत टाकला असता. उपाय सोपा आहे, प्रत्येक नावाआधी क्रमांक घालावा. मात्र नुसता १, २, ३ नव्हे. पुष्कळ ॲपे आकडेसुद्धा अक्षरांसारखे लावतात, म्हणजे १ नंतर १०, मग ११, आणि २ चा नंबर लागेपर्यंत राम वनवासाला निघालेला. ०१, ०२ असे शून्य मागे उभे करावे. माझी छप्पन्न गाणी तीन संध्याकाळी लागली. चौथ्या संध्याकाळी ती पहिल्यापासून ऐकली.

आता ठेवायचे कुठे, ते थोडक्यात सांगतो. फोनला जोडता येईल असा पेनड्राइव्ह, किंवा ओटीजी नावाची बोटभर वायर, एवढे पुरते. फोनच्या फाइलींच्या ॲपमधून गाणी इकडून तिकडे नेता येतात. आयफोनवाल्यांनाही २०१९ पासून पेनड्राइव्ह जोडता येतो. मात्र त्याच्या स्वतःच्या संगीताच्या ॲपमध्ये बाहेरची फाइल संगणकावाचून शिरत नाही. सूनबाईंच्या आयफोनवर व्हीएलसी नावाचे फुकटचे ॲप घेतले, ते मुकाट्याने सगळे वाजवते. गाडीत लावायला ३२ जीबीचाच पेनड्राइव्ह घ्यावा आणि त्याची मांडणी फॅट३२ आहे, हे दुकानातच विचारून घ्यावे. गाड्यांतल्या पुष्कळ रेडिओंना दुसरी मांडणी वाचता येत नाही. आणि प्रती तीन. एक फोनात, एक कपाटात, एक मुलाच्या घरी दुसऱ्या गावात. कॅसेट मरताना कुरकुरते, घरघरते, आपल्याला दोन-तीन वर्षांची पूर्वसूचना देते. मेमरी कार्डाला तसली माणुसकी नाही. काल होते, आज नाही.

२०१७ साली कारवां नावाची गाण्यांनी भरलेली पेटी निघाली. पाच हजार गाणी आधीच आत, बटण दाबा आणि ऐका. पुष्कळ मुलांनी ती आपल्या आईवडिलांना दिवाळीत दिली. आमच्याकडेही आहे आणि ती चांगली वाजते. पण तिच्यातली सगळी नावे दुसऱ्याने घातलेली. त्यात आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही, आणि मला वाटते, पेन्शनीतल्या माणसाला करण्यासारखे काही असावे.

आता त्या कोणत्याच वाचनालयात नसलेल्या गाण्यांकडे येतो.

सांगलीला माझी थोरली बहीण असते. अक्का यंदा चौऱ्याऐंशीची झाली. १९८६ च्या श्रावणात सांगलीच्या घरी भाचीची मंगळागौर झाली. तेव्हा कोणीतरी टेपरेकॉर्डर पाटावर ठेवून दिला होता. नव्वद मिनिटांच्या तीन कॅसेटा. आईच्या ओव्या आहेत, फुगड्यांची गाणी आहेत, उखाणे आहेत, मधूनच कुणीतरी "अगं दूध उतू गेलं!" म्हणून ओरडते. आई जाऊन आता बावीस वर्षे झाली. तिचा आवाज म्हणून जगात जे काही आहे, ते या साडेचार तासांत आहे.

भाच्याने गेल्या वर्षी त्या कॅसेटा एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणल्या. दुकानदाराने काम स्वच्छ केले. जिथे जिथे शांतता सापडली तिथे तिथे कापले आणि सत्तेचाळीस तुकडे केले. नावे घातली ट्रॅक ०१ ते ट्रॅक ४७. त्याला दुसरे काय ठाऊक असणार? मी ऐकायला बसलो. आईचा आवाज मला लगेच कळला. पण त्या साडेचार तासांत निदान पंधरा बायका गातात, आणि मी त्या दिवशी पुरुषांबरोबर ओसरीवर पत्ते खेळत होतो. कोण गाते हे मला ठाऊक नाही. भाच्याला नाही. त्याच्या मुलींना तर ती भाषाही अर्धी कळत नाही. ठाऊक असलेले माणूस एकच.

अक्काला दिसते कमी, पण कान शाबूत आहेत. रोज दुपारी चहा झाला की मी माझ्या फोनवरून तिला फोन लावतो आणि पत्नीच्या फोनवर ट्रॅक वाजवतो. एका फोनचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "अक्का, ही आई ना?"

"अरे, आई कुठली! आई एवढ्या वर जात नव्हती. ही वाडीची काकू. आणि मागनं टाळी चुकते ना, ती मिरजेची वन्सं. तिची टाळी जन्मभर चुकली."

मी रकाने भरत गेलो. 'आर्टिस्ट' – वाडीची काकू. शेरा – टाळी मिरजेच्या वन्सं.

मग असे रोज चालले. कधी एक ट्रॅक होई, कधी तीन. कारण अक्का नावापाशी थांबत नाही. ही ओवी काकूने कुठून आणली, तिच्या आईचे माहेर कोणते, तिथे जाते कुठल्या खोलीत होते, दळण कोणाचे जास्त असे. हे सगळे आल्याशिवाय पुढचा ट्रॅक लावू देत नाही. सातव्या ट्रॅकला ती एकदम गप्प झाली. मी विचारले, "काय झालं?" तर म्हणाली, "झोपाळा वाजतोय बघ मागं. त्याची एक कडी बाबा कधी घालणार म्हणून आई सारखी म्हणायची." मी तो ट्रॅक आधी चार वेळा ऐकला होता. मला ती करकर कॅसेटची वाटली होती.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बायका. २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या एकेक करून लोकांपुढे ठेवीत आले आहे. तिथे ओवीखाली गाणारणीचे नाव असते, गाव, तालुका, जिल्हा असतो. ते पाहिल्यावर मला आमच्या रकान्यांची लाज वाटेनाशी झाली. एक लाख असोत की सत्तेचाळीस, विचारायचे तेच असते: बाई, तुमचं नाव काय, गाव कुठलं?

पुढे मी आणखी एक केले. अक्का बोलते तेही तिसऱ्या दिवसापासून मुद्रित करू लागलो. त्यासाठी भाच्याला सांगलीस तिच्या शेजारी बसवले, कारण फोनमधून आलेला आवाज चिरका येतो. ट्रॅक १७ च्या पुढे आता '१७ – अक्का' अशी दुसरी फाइल आहे. ओवी संपली की पाठोपाठ अक्का सुरू होते, ही कोण, ती कोण, आणि दूध कोणाचे उतू गेले. सुनेने विचारले, "अप्पा, हे गाण्यांच्या फोल्डरमध्ये कशाला? वेगळं ठेवा ना." मी म्हटले, "गौहर जान बाईंनी वेगळं ठेवलं होतं का?" तिला अर्थातच संदर्भ लागला नाही. तिने तो फोनवर शोधला, अर्धा मिनिट ऐकला, आणि अक्काच्या फाइली होत्या तिथेच राहिल्या.

सत्तेचाळीसपैकी त्रेचाळीस तुकड्यांना नावे लागली. पाच जोड्या तर एकाच गाण्याचे दोन तुकडे निघाल्या. गाणारीने श्वास घेतला आणि दुकानदाराच्या यंत्राला गाणे संपले असे वाटले. उरले चार. त्यांत एक कोवळा, जरा घोगरा आवाज आहे, तो अक्कालाही ओळखत नाही. तीनदा लावून पाहिला. शेवटी म्हणाली, "मिरजेच्या वन्संना विचारा. तिनं नाही सांगितलं तर कुणीच सांगणार नाही."

मिरजेच्या वन्सं एक्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यावर व्हॉट्सॲप येत नाही, आणि फोनवर त्यांना नीट ऐकूही येत नाही. तेव्हा भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भाचा मिरजेला जायचा आहे. पेनड्राइव्ह आणि छोटा स्पीकर त्याच्याजवळ दिला आहे. ते चार ट्रॅक मी वेगळ्या फोल्डरात काढून ०१ ते ०४ असे लावून ठेवले आहेत. पहिल्यात टाळी चुकते, तोच आधी लावायला सांगितला आहे.